भेगेवरची काच

“निवृत्ती, चुना काय म्हनतोय?” विहिरीच्या काठावरून शहादेवनं विचारलं. निवृत्तीच्या कमरेचा दोर त्याच्या हातात होता.

निवृत्ती आठ पुरुष खोल, कपारीत पाय रोवून उभा होता. समोरच्या दगडी बांधकामाला भेग पडली होती आणि ती खाली कातळात गेली होती. भेग हलते का ते कळावं म्हणून तिच्यावर काल लिंपलेला चुना मधोमध तडकला होता. त्यानं पिशवीतला ओला चुना काढून वरून फिरवला आणि सांगितलं, “हाय तसाच हाय.”

बारा दिवस तो हेच सांगत होता. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटं पचत नाही. निवृत्तीला तर भाकरीही पचेनाशी झाली होती.

धारूरच्या डोंगरकडेच्या त्या गावात तेवढी एकच विहीर जिवंत राहिली होती. पाणीपुरवठा सहकारी संस्थेनं तिच्यावर मोटार बसवून निवृत्तीला पंपावर ठेवलं, त्याला वीस वर्षं झाली. याच विहिरीवर त्याचा बाप रिकामी घागर घेऊन लांब बसून राहायचा, कुणी तरी वरून पाणी ओतेपर्यंत. आज विहिरीची किल्ली निवृत्तीच्या कमरेला होती. दोन वर्षं पावसानं दगा दिला तसं पाणी तळाला गेलं आणि मोटारीच्या जाळीत गाळ अडकू लागला. रोज सकाळी खाली उतरून तो काढल्याशिवाय गावाला घागरभर पाणी मिळत नव्हतं.

उतरणाऱ्याचा दोर घरच्या माणसानं धरायचा नाही, असा तिथला जुना रिवाज. आपल्या माणसाचा हात कापतो म्हणे. म्हणून वीस वर्षं दोर शहादेवच धरत आला होता.

निवृत्तीची थोरली लेक पारू किल्लारीच्या बाजूला दिली होती. भूकंपाच्या पहाटे ती दगडमातीच्या भिंतीखाली गेली. तेव्हापासून निवृत्ती घरात झोपलेला नव्हता. गेल्या महिन्यात फळीवरची भांडी पुन्हा वाजली आणि सकाळी विहिरीत ही भेग दिसली. संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव म्हणाले होते, “भेग वाढली तर विहीर बंद करावी लागंल. मग प्यायचं काय, ते तालुक्याला इचारा.”

एक दिवस शाळेत भूगोल शिकवणारे मोहनराव सर पाण्याला आले. निवृत्तीनं हळूच विचारलं, “सर, एकदा हाललेली जमीन पुन्ना गप होती का?”

“गप ती कधीच नव्हती,” सर म्हणाले. “आपला अख्खा देश एका मोठ्या शिळेवर बसलाय आणि ती शिळा उत्तरेला सरकतीय. वर्षाला दोन-तीन बोटं. तिकडच्या जमिनीला धडकली म्हणून हिमालय वर आला. अजून रेटतीय. तो रेटा आपल्याखालच्या जुन्या चिरांपर्यंत पोचतो.”

“आन आपला डोंगर?”

“हा बालाघाट वितळलेल्या दगडाचा. थरावर थर वाहत आले आणि थिजले.”

ते थर निवृत्तीनं रोज पाहिले होते. काळा दगड, मग लाल मातीचा पट्टा, पुन्हा काळा. वीस वर्षं त्याच कपारींत पाय रोवून तो उतरला, कारण दुसरं काही नाही तरी दगड पक्का, असं तो धरून चालला होता. न राहवून त्यानं चुन्याचं खरं सांगून टाकलं.

सर हसले. “अरे, चुना वाळताना आपोआप तडकतो. भेगेवर सिमेंटमध्ये आडवी काच बसव. काच फुटली तरच समज भेग हलली.”

निवृत्तीचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन तो काच शोधू लागला, तेव्हा जाईबाईनं बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारचा पारूचा फोटो उतरवला आणि त्याची काच काढून नवऱ्यापुढं धरली.

“तिला कुनी आदी सांगितलं न्हाई,” ती म्हणाली. “ती तुमाला सांगंल.”

नऊ दिवस काच शाबूत राहिली. रोज संध्याकाळी जाईबाई विचारी, “काच?” तो म्हणे, “हाय,” आणि पोटभर जेवायचा.

दहाव्या दिवशी काच उभी चिरलेली होती. एक तुकडा दुसऱ्यापेक्षा सुताभर पुढं आला होता. हात लावला तर बोटातून रक्त आलं. कसाबसा वर येऊन तो तडक अर्जुनरावांकडं गेला.

अर्जुनराव म्हणाले, “टँकर परवा येतोय. उद्याचं काय ते तूच ठरीव. उतर म्हनायला माझी जीभ रेटत न्हाई.”

“काच?” संध्याकाळी जाईबाईनं विचारलं.

“हाय.”

तिनं त्याच्या बोटाकडं पाहिलं, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि भाकरी वाढली. त्यानं ती कुस्करली, पण खाल्ली नाही.

सकाळी काठावर घागरींची रांग लागली होती. निवृत्तीनं शहादेवला बाजूला घेऊन काचेचं सांगितलं. शहादेवनं दोर खाली ठेवला. “माझ्या हातनं न्हाई व्हायचं. ल्येकरं हायेत मला.”

रांगेतून जाईबाई पुढं आली. पदर खोचून तिनं दोर उचलला.

“घरच्यानं धरू न्हाई,” निवृत्ती म्हणाला.

“पारूच्या वक्ताला कुनाच्याच हातात दोर न्हवता,” ती म्हणाली. “उतरा.”

तो उतरला. काचेपाशी आला तेव्हा त्यानं तिकडं पाहिलं नाही. तळाशी गाळात हात घातला तोच वरून दोन खडे सुटून पाण्यात पडले. काठावरच्या बाया मागं सरकल्या. निवृत्तीनं डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं दोर चाचपला. दोर ताठ होता, जराही कापत नव्हता.

जाळी मोकळी करून तो वर आला. मोटार सुरू झाली, हौदात पाणी पडू लागलं आणि रांग पुढं सरकली.

जाईबाई तशीच उभी होती. निवृत्तीनं कमरेची गाठ सोडली तरी तिनं दोर सोडला नव्हता. शेवटी तिच्याजवळ जाऊन त्यानं तिचं एकेक बोट उघडलं.