समोरच्याचं बोलणं संपू देणे

वीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काढलेल्या मॅडमना एका गोष्टीचा भारी तोरा होता: माणूस चारचौघांत कसा वागतो-बोलतो, हे आपण दहा मिनिटांत जोखतो. आता त्या नवशिक्या थेरपिस्टांना तेच शिकवत. गप्पांचा व्हिडिओ लावायचा, प्रत्येकीने एक ते चार गुण द्यायचे (चार म्हणजे उत्तम), गुण जुळेपर्यंत पुन्हा पाहायचं. एकाच माणसाला एकीने चार आणि दुसरीने एक दिला तर ती तपासणी कसली, तो बाजार झाला, असं त्या सुनवायच्या.

त्या दिवशी त्यांनी स्वतः घेतलेली तपासणीच लावली. पडद्यावर एका दुकानातले घड्याळजी, पक्षाघातानंतर बोलणं मंदावलेले. ते पुन्हा गिऱ्हाइकांसमोर बसू शकतील का, हे मॅडमच्या अहवालावर ठरणार होतं. 'नाही' असा अहवाल कालच दुकानमालकाकडे गेला होता.

'समोरच्याचं बोलणं संपू देणे' या रकान्यात अकरा जणींनी चार दिले, उशिरा आलेल्या एकीने एक. मॅडमनी तिला चष्मा बदलायचा सल्ला दिला. ती बिचारी गोंधळून म्हणाली, "मला वाटलं, तपासणी त्या पाठमोऱ्या, निळ्या स्वेटरवाल्या बाईंची आहे."

तो निळा स्वेटर समोर मॅडमच्याच खुर्चीवर टाकलेला होता. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मॅडमना बरं वाटलं असतं.

त्यांनी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा लावला. घड्याळजी तीनदा ओठ उघडत होते आणि तिन्ही वेळा मॅडम पुढचा प्रश्न दामटत होत्या. तपासणीच्या कागदावर शेजारच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'उत्तर देत नाही. एक.' त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सगळ्यांसमोर त्यांनी मालकाला फोन लावला आणि अहवाल चुकलाय, चूक माझी आहे, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या घड्याळजींच्या घरी गेल्या. व्हिडिओतला तोच प्रश्न विचारला: दुरुस्त न होणारं घड्याळ गिऱ्हाइकाला परत कसं देता? मग तोंडाला कुलूप घालून बसल्या. थांबणं इतकं अवघड असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आधी विचारतो... कुणाचं होतं," घड्याळजी म्हणाले. "बहुतेक... वडिलांचं असतं. मग सावकाश सांगतो."

"हे त्या दिवशी का नाही बोललात?"

ते ओशाळून हसले. "तुम्ही... घाईत दिसलात. म्हटलं, आपल्यामुळे... खोळंबा नको."

मॅडमनी पेन उचललं, पण मान काही वर होईना.