मावशींच्या पायऱ्यांचा चुना

ईस्टर जवळ आला की बंदरावरच्या खोल्या पाहुण्यांसाठी रिकाम्या करायच्या, हा त्या ग्रीक बेटाचा रिवाजच. दवाखान्यातली नर्स एव्हान्थिया हिवाळाभर तिथे राहिली होती. खोलीवाल्या स्त्रातिसने हसत हसत हात वर केले. "सप्टेंबरात या की परत, खोली तुमचीच." मधले महिने काय होडीत झोपायचं? पण तिला माघारी आपल्या गावी, लारिसाला जायचं नव्हतं. बेटावर तिचा जीव जडला होता, तिथल्या भांडकुदळ माणसांसकट.

वरच्या गावात सेवास्तीमावशींच्या दाराला लागून त्यांचंच एक धाकटं घर रिकामं होतं. मावशींनी किल्ली दिली, पण तोंड वाकडं करूनच. "ईस्टरपर्यंत राहा. पुढचं पुढे बघू." गाढवावर ट्रंका आणि डोक्यावर गादी, असा संसार वर चढला.

सणाच्या आठवड्यात सगळी गल्ली चुन्याच्या बादल्या घेऊन बसली. एव्हान्थियाही बसली. मैदानी मुलखातली पोर, तिला त्या कामाची भारी गंमत वाटली. स्वतःच्या पायऱ्या झाल्या तरी चुना उरला होता आणि मावशींच्या पायऱ्या काळवंडलेल्या दिसत होत्या. मावशी चर्चमध्ये गेलेल्या. तिने त्याही रंगवून टाकल्या.

समोरची पेलागिया बाहेर आली आणि जागीच थबकली. "अगं बये, हे काय करून बसलीस? मावशींचा नवरा गेल्यापासून त्या पायऱ्यांना कुणी हात लावलेला नाही. दुःखाच्या घराला चुना लावत नाहीत."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"मग आता गाठोडं बांध. गाढव अजून खालीच उभं असेल."

आता हेही घर गेलं. एव्हान्थियाने ओलं फडकं आणून पायरी घासली, तसा चुना आणखीच पसरला.

तेवढ्यात काळ्या कपड्यांतल्या मावशी कोपऱ्यावरून वळल्या. गल्लीतले कुंचले थांबले. मावशी पायऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या.

"मावशी, चुकलं माझं."

"चुकलंच आहे. कोपरा सोडलास," मावशी म्हणाल्या. "माझा अर्गिरिस कोपरा कधी सोडायचा नाही. आण तो कुंचला इकडे."

झगा खोचून त्या खाली बसल्या. डोळे वाहत होते, पण हात झपाझप चालत होता. पेलागिया आपली बादली घेऊन आली.

"आलीस? मग भिंतीला लाग," मावशींनी तिलाही कामाला जुंपलं.

त्या वर्षी मावशींच्या घरी पुन्हा लाल अंडी रंगली. ईस्टरच्या दुपारी गल्लीत टेबलं मांडून अंड्यावर अंडं आपटायचा खेळ सुरू झाला आणि एव्हान्थियाच्या अंड्याने एकेकाचं अंडं फोडत शेवटी धापा टाकत वर आलेल्या स्त्रातिसचंही फोडलं. आनंदाने तिला गल्लीभर नाचावंसं वाटत होतं.

हातातली टरफलं झटकत स्त्रातिस म्हणाला, "मग सप्टेंबरात येताय ना खाली?"

मावशींनी तिला तोंडच उघडू दिलं नाही. "ती कशाला येते? पुढच्या ईस्टरला माझ्या पायऱ्या काय तू रंगवणार?"