कुर्माघरातला फोन

सकाळी कुर्माघरात जाताना करिश्माची एकच चूक झाली. सवयीनं तिनं फोन सोबत नेला. पाळी आली की गावच्या बायका पाच दिवस गावाबाहेरच्या त्या खोपटात राहतात, आणि आत गेलेली वस्तू धुतल्याशिवाय बाहेर येत नाही. लुगडं धुता येतं, जेवणाचा गंज धुता येतो. फोन कसा धुणार?

नर्सिंगची यादी कालच लागली होती आणि आज पाचच्या आत सीट पक्की करायची होती. खोपटात रेंज नव्हती. रेंज यायची ती देवाच्या जागेजवळच्या मोहाच्या झाडाखाली, आणि तिथं करिश्माला जाता येत नव्हतं. भावाच्या फोनवरून करावं, तर ओटीपी येणार करिश्माच्याच फोनवर.

चार वाजता तिच्या आईनं, सोमारीनं, धानाचं रोवणं अर्ध्यावर टाकून खोपट गाठलं. करिश्मानं फोन दारात जमिनीवर ठेवला आणि मागं सरली.

"राहू दे माय. पुढच्या वर्षी भरीन." पोरीचे डोळे रडून सुजले होते.

सोमारीनं इकडंतिकडं पाहिलं, फोन उचलला आणि पदराखाली घातला. तिला भीती वाटत होती, चांगलीच. आता गावात कुणाचा बैल जरी मेला, तरी बोट तिच्याच घराकडं वळणार होतं.

बांधावरून म्हाताऱ्या धुरपताबाईनं हटकलं, "कुठी चालली वं?"

"सुनिलले पाहाले." अर्धंच खरं सांगून ती पुढं निघाली.

तिचा मुलगा सुनिल मोहाखाली बसलाच होता. बहिणीचा फोन पाहून तो दोन पावलं मागं गेला. "मी नाई लावत हात, माय."

"नको लावू. वाच फक्त."

तो मान लांब करून वाचत गेला, ती दाबत गेली. चिखलाच्या बोटाचं काच ऐकेना. लुगड्याला पुसायची, पुन्हा दाबायची. पावणेपाचला ओटीपी आला. आकडे तेवढे सोमारीला येत होते. चौथा चुकला, खोडला, परत टाकला.

"आता हिरवं दाब."

पान बदललं. "झालं माय. सीट पक्की."

सोमारी मटकन खाली बसली. देवाला हात जोडावे की हातातला फोन लपवावा, तिला कळेना.

सुनिल अजून वाचतच होता. "परवा दहा वाजता गडचिरोलीले हजर राहाचं आहे. कागदं घेऊन, स्वतः."

परवा म्हणजे करिश्माचा तिसराच दिवस. फोन पदराखाली झाकून आणता आला. अठरा वर्षांची पोरगी कशी झाकायची?

"काय करतं आता?" सुनिलनं विचारलं.

खाली बांधावर धुरपताबाई काम सोडून इकडंच पाहत उभी होती. सोमारी उठली. फोन तिनं हातातच धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"सकाळची गाडी किती वाजता आहे, इचारून ठेव," ती म्हणाली आणि खोपटाकडं चालू लागली.