काजलशी बोलणं

ब्राह्मणपुरीच्या रोहिणीची मुलगी काजल साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. रोहिणीला गरोदरपणी विषाणूचा संसर्ग झाला होता. दोन दिवस अंग कसकसलं, एवढंच तिला आठवत होतं. संसर्ग बाळापर्यंत पोचला आणि काजलचे दोन्ही कान अधू झाले. यात तुमची काही चूक नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासूला, भिकुबाईला, ते पटलं. रोहिणीला पटलं नाही.

कानांना ऐकायची मशिनं लागली. दर गुरुवारी रोहिणी तिला एसटीने नंदुरबारला न्यायची. तिथे कहकशाँ मॅडम मुलांना बोलायला शिकवत. पाच महिने झाले, काजल नुसती बघायची.

एकदा मॅडमनी रोहिणीलाच मुलीशी खेळायला सांगितलं आणि त्या बाजूला बसल्या. 'हा चेंडू आहे,' रोहिणी म्हणाली. बऱ्याच वेळाने, 'चेंडू लाल आहे.' मग गप्प.

घरीही इतकंच बोलता का, मॅडमनी विचारलं. रोहिणीने खरं ते सांगितलं. घरात सगळे अहिराणी बोलत, पण मास्तर असलेल्या मोठ्या दिरांनी बजावलं होतं की पोरीशी पुस्तकातलं मराठीच बोला, नाहीतर ती गोंधळेल. रोहिणीला ते पटकन सुचत नसे. चुकेल म्हणून ती बोलणंच टाळू लागली होती.

मॅडम शहाद्याच्या, त्यांनाही अहिराणी येई. त्या म्हणाल्या, "ताई, तुमले जे येस तेच बोला. पन भरपूर बोला."

परतीच्या एसटीत रोहिणी काजलच्या कानाशी वाकून घरापर्यंत बोलत राहिली. पपईचे ट्रक, बैल, पूल, जे दिसेल ते. लोक वळून बघत होते.

तीन महिन्यांनी एका सकाळी रोहिणी मशीन घालू लागली, तर काजलने डोकं मागे घेतलं.

"नई," ती म्हणाली.

रोहिणीने मशीन खाली ठेवलं. बोलल्याने काही घडतं हे मुलाला कळू द्या, असं मॅडमनी सांगितलं होतं. पाच मिनिटांनी तिने मशीन पुन्हा पुढे केलं. भिकुबाईला पहिला शब्द नकाराचा निघाला हे आवडलं नाही. रोहिणी मात्र न्हाणीत जाऊन आनंदाने रडली.

आता काजलकडे पन्नासेक शब्द आहेत. ऐकू येणं आणखी कमी होऊ शकतं, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी असते. जूनमध्ये ती अंगणवाडीत जाऊ लागली, तेव्हा एकेकच शब्द बोलायची. पहिल्याच आठवड्यात तिने खेळण्यावरून एका मुलीला ढकललं. सेविकाबाईंनी रोहिणीला बोलावून घेतलं. सगळं ऐकून रोहिणीने विचारलं, ढकलताना ती काही बोलली का?

"बोलली ना," बाई म्हणाल्या. "'मन्हं शे' म्हणाली. माझं आहे म्हणे."

रोहिणीने त्या मुलीच्या आईची माफी मागितली.