डिस्कवरची वाटणी

कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी विचारायचा, भावाच्या लिनक्समध्ये जायचं की माझ्या विंडोजमध्ये? दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही तर थेट भावाच्या बाजूला. म्हणजे मालकीण मी, कारखाना माझा, आणि रोज सकाळी खालच्या बाणाचं बटण दाबून आत शिरायची परवानगी मागायची तीही मीच. मुळात मी दहा सेकंद शांत बसणारी बाई नाही.

आम्ही दोघं भावंडं मिळून पुठ्ठ्याची खोकी बनवायचो. आठ महिन्यांपूर्वी एका भांडणात मी धाकट्याला म्हणाले, "तुझ्यावाचून माझं काही अडत नाही." तो दुसरीकडे नोकरीला लागला आणि दोघंही मूग गिळून बसलो. डिस्कचा अर्धा भाग मात्र त्याच्याच नावावर राहिला.

त्या दिवशी साबणाच्या खोक्याची फाइल चारच्या आत, पुठ्ठा कापायचा साचा बनवणाऱ्या साचेवाल्याला पाठवायची होती. ड्रॉइंग तयार होतं, पण तीन वाजता कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही, फाइल बनत नाही. डोकं फिरलं. डिस्कचा नकाशा उघडला, भावाची दोन्ही पार्टिशन, म्हणजे त्याच्या भागातले दोन कप्पे, निवडली आणि उडवली. एक घाव दोन तुकडे. आता ती जागा माझ्या भागाला जोडायची, एवढंच राहिलं होतं. पण काहीही बदललं की एकदा बंद-चालू करायचं ही माझी सवय. मिक्सरलाही मी तेच करते.

चालू झाला तेव्हा काळा पडदा, वर दोन इंग्रजी शब्द आणि लुकलुकणारी रेघ. तीनदा बंद-चालू केलं, तरी तेच. साचेवाल्याचा फोन वाजला, तो उचलला नाही. टेबलाभोवती फेऱ्या मारल्या, चहा ओतला आणि तसाच गार केला. तीन पंचवीसला भावाला फोन लावला.

"बोल ताई," तो म्हणाला, जणू सकाळीच बोललो होतो.

मी भडाभडा सगळं सांगितलं. तो हसायला लागला. "अगं, सुरुवातीची ती यादी माझ्या भागात होती. भिंत पाडताना दारही पाडलंस. बंद कर, आणि चालू करताना एफ बारा दाबत राहा. विंडोजचं नाव दिसलं की ते निवड."

दिसलं, निवडलं, आणि माझी बाजू उघडली. जीव भांड्यात पडला. डिस्कचा नकाशा पुन्हा उघडून मोकळ्या जागेवर बाण नेला. तीन चाळीस.

"तुझं काही होतं का रे त्यात?" आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

तो म्हणाला, "मांडणीचा प्रोग्राम. एका पुठ्ठ्यातून जास्तीत जास्त खोकी कशी काढायची ते दाखवणारा. दोन वर्षं लिहीत होतो. पुरा झाला की तुला दाखवणार होतो."

"दुसरीकडे कॉपी असेल ना?"

"मला वाटलं, चार दिवसांत बोलावशील. कॉपी कशाला करायची?"

मला रडू आलं. "परत मिळेल का?"

"त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं नाही, तर मिळेल. जोडू नकोस ती. पण मग तुझी फाइल?"

"माझं मी बघते," जुन्या सवयीनं तोंडातून गेलं. माझ्या भागात सतरा वर्षांच्या नमुन्यांचे फोटो होते. पहिल्या खोक्यापासूनचे, प्रत्येक गिऱ्हाइकापुढे मिरवलेले, आणि सगळ्यात जास्त जागा खाणारे. त्यांची कॉपी मीही कुठे केली नव्हती. निवडले आणि कायमचे उडवले.

"काय उडवलंस?" त्यानं विचारलं.

"माझंच."

फाइल बनली. तीन छप्पनला साचेवाल्याकडे गेली. फोन अजून चालूच होता.

"ऐक," मी म्हणाले. "अडतं माझं. तुझ्यावाचून अडतं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "सहाला सुटतो. तोवर कशालाही हात लावू नकोस. बंद-चालू तर मुळीच नाही."

चार वाजले होते. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसून राहिले.