अण्णांची पावडर

"काही औषधं चालू आहेत का?" डॉ. चैताली मॅडमनी विचारलं, आणि माझ्या सासरच्या तिघांनी एका सुरात सांगितलं, "न्हाय."

तिघं म्हणजे माझे सासरे अण्णा, ज्यांचं उद्या सकाळी हृदयाचं बायपास ऑपरेशन होतं. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. आणि माझा नवरा शिवराज, जो एरवी 'नाही' म्हणतो. आईवडील माढ्याकडून आले की त्याची भाषा बदलते, आणि अक्कलही.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यांनी दंडाला असा चिमटा काढला की कडेवरची माझी लेक आरोही दचकली.

मॅडम भूलतज्ज्ञ होत्या, आदल्या दिवशीच्या तपासणीसाठी आल्या होत्या. "शुगरची गोळी, झोपेची गोळी, काहीच नाही?"

"जन्मात गोळी गिळली न्हाय, मॅडम," अण्णा छाती पुढं काढून म्हणाले. याच छातीतल्या नळ्या तुंबल्या होत्या. मॅडम बरं म्हणून गेल्या.

आता पावडरीचं सांगते. अक्कलकोटकडचा कुणी निंगप्पा गावच्या बाजारात पाल टाकून बसतो. त्याची तपकिरी पावडर अण्णा साखरेच्या आजारावर घेतात. साखर खरंच उतरली, आणि तेव्हापासून निंगप्पा आमच्या घरात देवमाणूस झाला. पावडरीची डबी बंडीच्या खिशात असते. सात रस्ता चौकातल्या या दवाखान्यात, हातात सलाईनची सुई असताना, सकाळीसुद्धा त्यांनी चमचाभर तोंडात टाकलेली मी पाहिली होती.

ऑपरेशनच्या आधी ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून आरोहीची बिस्किटं सकाळी गायब व्हायला लागली. पोरगी रडून घर डोक्यावर घ्यायची. एकदा लवकर उठून बघते तर ओट्यापाशी अण्णा. कपाळावरून घाम निथळतोय, हात थरथरतायत, आणि बिस्किटं तोंडात कोंबतायत. गोड सोडलेला माणूस!

"जरा कापरं भरतं बघ," ते म्हणाले, "खाल्लं की जातंय."

मी शिवराजला सांगितलं, की हे साखर फार खाली गेल्याचं लक्षण दिसतंय, त्या पावडरीत काय आहे ते विचारू या. तो म्हणाला, "झाडपाला आहे गं तो. तू ना, पोरीला शिंक आली तरी मोबाईलवर शोधत बसतेस." बीएस्सीला केमिस्ट्री होती माझी. पण घरात त्या डिग्रीचा उपयोग एवढाच, की पाहुण्यांना सांगायचं, सून शिकलेली हाय.

मॅडम गेल्यावर मी त्याला व्हरांड्यात गाठलं.

"अहो, खोटं कशाला सांगितलं?"

"खोटं काय? औषध विचारलं त्यांनी. पावडर औषध थोडीच आहे?"

"मग साखर कशानं उतरली?"

"हळू बोल. डॉक्टरांना कळलं तर पुढं ढकलतील. परवा अवस आहे."

हे खरं कारण. आत्यांनी माहेरच्या गुरवाकडून दिवस काढून आणला होता. अवसेच्या आत छाती उघडायची, नाहीतर मग पंधरवडा थांबायचं. भावकीला जीपही सांगून ठेवली होती. माणसाच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि यांनी तारीख ठरवली वास्तुशांतीसारखी.

"आणि उद्या भुलेत असताना कापरं भरलं तर? बेशुद्ध माणूस बिस्किटं मागतो का?"

शिवराजनं मान खाली घातली. मान खाली घालणं म्हणजे माझं पटलं असं नाही. त्याचा अर्थ, आई बघतेय.

"आरोहीला शू लागलीय," असं सांगून मी निघाले आणि मॅडमना जिन्यात गाठलं. सगळं सांगितलं: पावडर, घाम, बिस्किटं. मला वाटलं होतं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. तशाच माघारी फिरल्या.

अण्णांचं जेवण नुकतंच झालं होतं. तरी मॅडमनी त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि यंत्र माझ्यापुढं धरलं. जेवलेल्या माणसाची साखर उपाशी माणसापेक्षा खाली होती.

"आजोबा, पावडर घेता का कसली?"

"व्हय, घेतो की!" अण्णांचा चेहरा उजळला. "तुमी औषध इचारलं. पावडर कुटं इचारली?"

मी कपाळावर हात मारला. आरोहीनं लगेच माझी नक्कल केली.

मॅडमनी सिस्टरना अण्णांना साखरेचं पाणी द्यायला सांगितलं आणि डबी मागून घेतली. "अशा पावडरीत कधीकधी शुगरच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात. हिच्यात आहेत का ते तपासल्यावरच कळेल. पण मला तसा संशय आहे. ऑपरेशन उद्या नको."

"अगं बाई!" आत्या उठून उभ्या राहिल्या. त्यांनी मॅडमकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "झालं समाधान? लागली माझ्या संसाराला नजर!"

"आत्या, संसार वाचावा म्हणूनच सांगितलं ना!"

"बसा, मावशी," मॅडम म्हणाल्या आणि स्वतः अण्णांच्या पलंगावर टेकल्या. "आजोबा, भूल फक्त झोपण्यासाठी असते असं वाटतं ना तुम्हाला?"

"मग कशाला?"

"ऑपरेशनमध्ये हृदयाचा रक्तपुरवठा आम्ही थोडा वेळ थांबवतो. तेवढा वेळ ते उपाशी राहतं. काम झालं की रक्त परत सोडायचं. गंमत अशी, की बरंच नुकसान रक्त परत येतं तेव्हा होतं."

अण्णा कोपरावर उठले. "म्हंजी आमच्या पाइपलायनीवाणी. लाईट गेल्यावर पाईप फुटत न्हाय. लाईट येती, मोटर चालू होती, पाणी धाडदिशी येतंय, तवा फुटतो."

"अगदी तसंच."

"म्हणून आमी व्हॉल जरा जरा उघडतो."

"तसंच भुलेचा जो वायू आम्ही देतो, तो हृदयाला आधीच थोडं सावध करतो. हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात, ती या वायूनं उघडायला मदत होते. मग उपासही सोसतो आणि रक्ताचा लोंढाही. किती फायदा होतो यावर अजून वाद आहेत. पण शुगरच्या काही जुन्या गोळ्या नेमकी तीच दारं बंद करतात. म्हणजे मी राखण ठेवायची आणि तुमच्या पावडरीनं राखणदाराला खोलीत कोंडायचं. शिवाय भुलेत साखर घसरली तर तुम्ही सांगणार कसं? पावडर पूर्ण उतरू दे अंगातून. परवा करू."

"म्हंजी अवसेला?" आत्या म्हणाल्या.

"अमावस्येला."

"घरी चला," आत्या पिशवी भरायला लागल्या. "अवसेला छाती फाडून घ्यायची न्हाय. शिवराज, गाडी बघ."

शिवराजनं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि खरंच फोन काढला. त्या क्षणी तो फोन मी खिडकीतून टाकला असता.

"ठेव त्यो फोन," अण्णा म्हणाले. "रंभे, पिशवी खाली ठेव. अवस दर म्हयन्याला येती. मला एकच छाती हाय."

"मी आडवी पडले तरी?"

"तू आडवी पड, मी बी आडवाच हाय."

आत्यांनी पिशवी ठेवली, आणि माझ्याशी बोलणं सोडलं. माझ्याशी एक शब्द नाही, पण फोनवर मात्र अखंड: "सुनेनं ऑपरेशन मोडलं बया... व्हय, शिकलेली हाय नव्हं." मी शेजारच्या खुर्चीत बसून आरोहीला वरणभात भरवत होते. ऐकू जाईल याची त्या पुरेपूर काळजी घेत होत्या. भावकीची जीप नातेवाइकांना घेऊन मूळच्या दिवशीच आली, कारण त्यांना कळवायचं काम शिवराजकडं होतं. त्या सगळ्यांना चहा मीच पाजला.

अवसेच्या सकाळी अण्णांना आत नेलं. दार बंद झालं. माझं चुकलं असेल तर? एका दिवसाच्या उशिरानं आणखी काही तुंबलं असेल तर? मला काय कळतं हृदयातलं? आणि यांना काही झालं तर या घरात जन्मभर एकच वाक्य ऐकावं लागेल, हेही मनात आलं. लाज वाटली, पण आलं.

दुपार कलल्यावर मॅडम बाहेर आल्या. मास्क गळ्यात होता.

"रक्त सोडलं आणि हृदय आपलं आपण चालू झालं. विजेचा एकही झटका द्यावा लागला नाही. साखरही शेवटपर्यंत जागेवर होती."

"चहा कधी देता येईल त्यांना?" शिवराजनं विचारलं. एवढ्या सगळ्यातून याला चहा सुचला!

मॅडम गेल्या. आत्या माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि झोपलेल्या आरोहीचे पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घेतले.

"मॅडम काय म्हणली गं?"

"आई, ते मेडिकलचं असतं, तुला न्हाय कळायचं," शिवराज म्हणाला.

"तू गप. तुला तर काय कळलंय?" त्या माझ्याकडं वळल्या. "तू सांग. पयल्यापासनं सांग, आन् जरा हळू. लई भरभर बोलतीस तू."

दोन दिवस न बोलून वर ही तक्रार! मी नाक पुसलं, आणि हळू हळू सांगायला लागले.