डाव्या रांगेतली पिल्लं

ॲनिमल हाऊसमध्ये त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर उंदरांचे पिंजरे होते. त्यांतला भुसा बदलायचा, दाणे घालायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, हे त्याचं काम, आणि हात चालू असले की तोंडाचा पट्टाही चालू. ऐकायला माणूस नसलं तर उंदरांना सांगायचा. बसमध्ये कोण कोणावर खेकसलं, बायकोने कशावरून नाक मुरडलं, सगळं. पिंजरे धुणारे मामा वैतागायचे. "अरे, त्या मुक्या जिवांना तरी झोपू दे!"

मग त्याला मुलगी झाली आणि रेडिओ बंद पडला.

आता मुलगी झाली म्हणून नव्हे हो, भलतंसलतं मनात आणू नका. त्याने तर अख्ख्या तळमजल्याचं तोंड गोड केलं होतं. पण पोर जेमतेम पंधरवड्याची झाली आणि तिच्या रक्तात जंतू शिरले. ताप डोक्यात चढला, मेंदूच्या आवरणाला सूज आली. कितीतरी दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि हा काचेबाहेर. शेवटी डॉक्टर म्हणाले, "वाचली. आता पुढचं पुढे बघू."

घरच्यांनी ऐकलं ते 'वाचली' एवढंच. सासूबाईंनी रडून घेतलं, बायकोने रडून घेतलं. याच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. कारण पुढचं काय असतं, ते तो रोज बघत होता.

संस्थेतल्या संशोधक मॅडमचं काम त्यावरच चाललं होतं. उंदराची पिल्लं डोळेही उघडत नाहीत, तेव्हा त्यातल्या निम्म्यांना मेलेल्या जंतूंचा एक डोस टोचायचा. दिवसभर त्यांचं अंग तापायचं, दुसऱ्या दिवशी ती आईला लुचायला हजर. काही झालंच नाही जणू! वाढायची छान, गुटगुटीत. पण मोठी झाल्यावर मॅडम पिंजऱ्यात एक लाकडी ठोकळा ठेवायच्या. बाकीचे उंदीर लगबगीने यायचे, हुंगायचे, वर चढायचे. लहानपणी तापलेले कोपऱ्यात जायचे आणि तिथेच बसून राहायचे.

त्याने आपल्या बडबडीच्या काळात मॅडमना विचारलंही होतं, असं का म्हणून.

"मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात," त्या म्हणाल्या होत्या. "इतक्या कोवळ्या वयात त्या एकदा खवळल्या, की ताप उतरला तरी धड शांत होत नाहीत. पुढे साध्या कारणानेही बिथरतात."

"म्हणजे आमच्या मामांसारख्या!" तो म्हणाला होता, आणि हसून हसून बेजार झाला होता. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं होतं. आता ते आठवलं की तोंड कडू पडायचं.

मुलगी घरी आली. दूध प्यायची, झोपायची, रडायची. बायकोने ती त्याच्यापुढे धरली की तो म्हणायचा, "हाताला उंदरांचा वास येतोय." हात धुऊन आला की म्हणायचा, "पाठ धरलीय." त्यापुढे बायकोने धरणंच सोडलं. तो लांबून बघायचा तेवढं. महिने गेले, पोर वस्तूंकडे बघायच्या वयाची झाली, तसा तो तिच्यासमोर लाल पेला ठेवायचा आणि ती मान वळवते का, हे निरखत उभा राहायचा. कधी वळवायची, कधी नाही.

"ती काय तुमच्या पिंजऱ्यातली आहे का?" बायको एकदा कडाडली. "बाप आहात ना? मग बापासारखं वागा की जरा!"

त्याला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं, दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसं. आपलाच गाल, पण आपला वाटत नाही.

मध्यंतरी मॅडमची नवी पिल्लं जन्मली. डोस टोचून झाले. आणि याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. ही तापलेली पिल्लं कोणी रोज हातात घेतली तर? नुसती धरली, पाठीवरून अंगठा फिरवला, तर मोठेपणी ती कोपऱ्यातून बाहेर येतील का?

कामापुरतं सोडून पिल्लांना हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. त्याला तो पाठ होता, नव्या माणसांना तोच शिकवायचा. पण खूळ ते खूळ. त्यातही त्याने मॅडमच्या हाताखाली वर्षं काढलेली, त्यामुळे नीट बेत आखला. डोस दिलेले पिंजरे दोन रांगांत होते. उजव्या रांगेतली पिल्लं रोज हातात घ्यायची. डाव्या रांगेतल्यांना हात लावायचा नाही. मग ठोकळा आला की उजवीकडची बाहेर येतात आणि डावीकडची कोपऱ्यात बसतात का, ते बघायचं. आली, तर घरी जाऊन मुलीला उचलायचं. नाही आली, तर… तिथे त्याचा विचार थांबायचा.

थोडे दिवस बेत बिनबोभाट चालला. भुसा बदलायचा, उजवीकडचं पिल्लू तळहातावर घ्यायचं, मानेपासून खाली अंगठा. मग एका सकाळी तो डाव्या रांगेतल्या पिंजऱ्यात दाणे घालत होता, आणि एक पिल्लू मागच्या पायांवर उभं राहून जाळीतून नाक बाहेर काढायला लागलं. बास, एवढंच. त्याने इकडे तिकडे पाहिलं, झाकण उघडलं आणि त्यालाही घेतलं. एकाला घेतलं म्हणून त्याच्या भावंडांना घेतलं. पुढे डोस न दिलेल्यांचीही पाळी आली, त्यांनी तरी काय घोडं मारलं होतं?

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मामांनी हळू आवाजात विचारलं. त्याने पुढचं झाकण उघडलं. मामांनी मॅडमच्या कानावर काही घातलं नाही.

ठोकळ्याचा दिवस आला. मॅडमनी पहिल्या पिंजऱ्यात ठोकळा ठेवला. उंदीर आला, हुंगून वर चढला. दुसऱ्यातही तेच. उजवी रांग, डावी रांग, सगळे तुरुतुरु बाहेर. एकसुद्धा कोपऱ्यात गेला नाही. मॅडमचा चेहरा पडत चालला.

याच्या छातीत मात्र कित्येक महिन्यांनी काहीतरी हललं. राहवेना, तो बोलून गेला, "म्हणजे हातात घेतल्याने बरी होतात ना, मॅडम?"

मॅडम हळूच वळल्या. "कोणी घेतलं हातात?"

त्याने सगळं सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या, कपाळाला हात लावून.

"अरे, वर्षाचं काम मातीत घातलंस!"

"हो. पण बरी झाली ना?"

"मला काय माहीत!" त्या ओरडल्या. "कदाचित तुझ्या हाताने झाली असतील. कदाचित या वेळी डोसच बिघडलेला होता, कोणाला काही झालंच नव्हतं. डावी रांग तशीच ठेवली असतीस तर कळलं असतं. का नाही ठेवलीस?"

"नाही जमलं," तो म्हणाला.

"आता काहीच सांगता येत नाही. ना होय, ना नाही. उद्यापासून पिंजऱ्यांना हात लावायचा नाहीस. मागे बाटल्या धुवायच्या." त्या उठल्या, दारापाशी थांबल्या. आवाज उतरला होता. "पण हे तू केलंस कशासाठी?"

"घरी एक आहे," तो म्हणाला. "तापलेली."

मॅडम दारातून परत आत आल्या. मग म्हणाल्या, "तिला किती वेळ हातात घेतोस?"

त्याने खुंटीवरची आपली पिशवी काढली.

तो घरी आला तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलगी चटईवर पालथी पडली होती, लाल पेला तिच्यापासून हातभर लांब. पेल्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तो खाली बसला आणि त्याने तिला उचललं. ती त्याच्या अंदाजापेक्षा जड निघाली.

"वास येतोय ना हाताला?" बायको घडीवरून मान न उचलता म्हणाली.

"येतोय."

त्याला वाटलं होतं, उचलल्यावर काहीतरी होईल. रडू येईल, निदान हात तरी थरथरतील. काही झालं नाही. हात लाकडासारखे होते. अंगठा तेवढा आपला आपण हलला, मानेपासून खाली. उद्या ही पेल्याकडे गेली, तरी आपल्या हाताने गेली की तशीही गेली असती, ते कधी कळणार नव्हतं. कोपऱ्यात बसली, तरी नाही. हिला डावी रांग नव्हती. ही एकच होती.

बायकोच्या हातातली घडी अर्धवट राहिली. ती बघत होती.

"आज ना," तो मुलीला सांगू लागला, सपाट आवाजात, "मामांनी सगळा भुसा पायावर सांडून घेतला."

आणि अंगठा चालू राहिला.